वॉट कोणाकडे जातात? टीव्हीवर सायकलिंग ॲप लावण्याचं एक प्रकरण

दाजींचा फोन आला तेव्हा सायकल ट्रेनरवर, म्हणजे ती घरात जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, चढवून तीन दिवस झाले होते आणि ॲपमध्ये त्यांचं एक किलोमीटरही झालं नव्हतं. "सगळं आहे रे. फक्त टीव्हीवर येत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. त्या 'फक्त'मध्ये आमचे दोन शनिवार-रविवार गेले. त्यातला निम्मा वेळ वाचला असता, पण आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. म्हणून हे प्रकरण क्रमाने, चुकांसकट लिहून ठेवतोय.

आधी घरातलं सामान. मागचं चाक काढून सायकल थेट ज्यावर बसवतात तसा डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनर, ब्लूटूथ आणि अँट प्लस (सेन्सरसाठीची आणखी एक बिनतारी पद्धत) दोन्हींवर बोलणारा. छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा. क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) एक जुना केडन्स सेन्सर, म्हणजे मिनिटाला पेडलचे किती फेरे होतात ते मोजणारा. भिंतीवर फोर-के स्मार्ट टीव्ही, त्याच्याखाली बंद दाराचं कपाट आणि कपाटात राउटर. पाच वर्षं वापरलेला लॅपटॉप, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आणि दाजींचा फोन. हा फोन पुढे खलनायक ठरणार होता.

दाजींना काम आटोपायला संध्याकाळचे आठ वाजतात. त्यानंतर अंधारात रस्त्यावर सायकल काढायला ताईचा सक्त विरोध. घरात भिंतीकडे बघत पाऊण तास पेडल मारून त्यांनी पाहिलं होतं आणि कंटाळून सोडून दिलं होतं. म्हणून ॲप. झ्विफ्ट, रूव्ही, मायवूश ही त्यातली ओळखीची नावं. काहींमध्ये रस्ता संगणकाने रंगवलेला असतो, रूव्हीसारख्यात खऱ्या रस्त्यांची चित्रफीत सरकते. आम्ही कुठलं घेतलं ते सांगत नाही, कारण घोळ ॲपमध्ये नव्हताच.

ॲप नेमकं करतं काय, हे आम्ही पहिल्या दिवशी एकमेकांना विचारलं नाही, ही पहिली चूक. ट्रेनर तुमच्या पायाचा जोर वॉटमध्ये मोजतो आणि ॲपकडे पाठवतो. ॲप त्याला तुमचं वजन आणि रस्त्याचा चढ लावून वेग काढतं. समोर चढ आला की तेच ॲप ट्रेनरला उलट निरोप धाडतं, की जड हो. म्हणजे ही दोन्हीकडून चालणारी वाहतूक आहे. चित्र हे त्या हिशेबाचं शेवटचं टोक. रस्ता खोटा, वारा खोटा, शेजारून जाणाऱ्याची सायकल खोटी; खरा आकडा एकच, वॉट. जागतिक सायकलिंग संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये झ्विफ्टवर पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक अजिंक्यपद शर्यत घेतली, तेव्हा पुरुषांत जिंकलेला जेसन ऑस्बोर्न हा मुळात जर्मनीचा नौकानयनपटू होता. जोर असेल आणि तो जोर यंत्रापर्यंत नीट पोचत असेल, तर इथे काम होतं. आमचा जोर पोचत नव्हता आणि आम्ही टीव्हीचा रिमोट दाबत बसलो होतो.

पहिला शनिवार: चित्राच्या मागे

टीव्ही 'स्मार्ट' आहे म्हटल्यावर दाजींनी त्याच्याच ॲप स्टोअरमध्ये शोधलं होतं. सापडलं नाही. मग कुणाच्या तरी सल्ल्याने फोनसाठीची फाइल पेनड्राइव्हवरून टीव्हीत घातली. ती उघडली, काळा पडदा दाखवला आणि मिटली. यात नवल नाही. टीव्हीतली चिप चित्रपट उलगडून दाखवण्यापुरती बनवलेली असते. दर सेकंदाला त्रिमितीय रस्ता नव्याने रंगवणं हे खेळाच्या यंत्राचं काम आहे. शिवाय फोनसाठी लिहिलेलं ॲप बोटाच्या स्पर्शाची वाट बघतं आणि टीव्हीला बोट कळत नाही. इथे फार वेळ घालवू नये. तुमच्या टीव्हीसाठी ॲप अधिकृतपणे आलेलं असेल तर उत्तम, नसेल तर टीव्ही हा पडदा समजायचा आणि मेंदू बाहेरून आणायचा.

बाहेरचा मेंदू म्हणून पहिला नंबर फोनचा. ॲप फोनवर चालू केलं, ट्रेनर एका झटक्यात जोडला गेला, फोनचा पडदा वायफायवरून टीव्हीवर टाकला. दाजी खूश. पाच मिनिटांनी म्हणाले, "काहीतरी विचित्र वाटतंय. पायाला चढ आधी लागतोय."

मी त्यांना खाली उतरवून स्वतः बसलो. खरंच होतं ते. पेडल अचानक जड व्हायचं, टीव्हीवर मात्र अजून सपाट रस्ता, आणि क्षणभराने चढ दिसायचा. ट्रेनरला हुकूम थेट फोनकडून मिळत होता, लगोलग. चित्राला मात्र फोनमध्ये दाबून लहान व्हायचं, राउटरमार्गे जायचं आणि टीव्हीत पुन्हा उलगडायचं होतं. डोळे मागे, पाय पुढे. दहा मिनिटांनी मळमळल्यासारखं होतं, खोटं सांगत नाही. त्यातच ताईचा फोन आला आणि डोंगररस्त्याच्या जागी भिंतभर ताईचा फोटो.

तरीही एक गोष्ट फोनच्या बाजूने सांगायला हवी. ज्याला फक्त ठरलेला व्यायाम करायचाय, म्हणजे पाच मिनिटं १५० वॉट, दोन मिनिटं २०० वॉट असा, त्याला या उशिराने काही बिघडत नाही. त्या पद्धतीला अर्ग मोड म्हणतात. ट्रेनर स्वतःच जडपणा कमीजास्त करून ठरलेले वॉट धरून ठेवतो आणि टीव्हीवर फक्त घड्याळ बघायचं असतं. बाकीच्या सायकलस्वारांच्या घोळक्यात शिरायचं असेल, कुणाच्या मागे लागायचं असेल, तर मात्र हा उशीर जीव नकोसा करतो. दाजींना घोळका हवा होता.

मग लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल. चित्र आलं, पण चारही कडा कापलेल्या. कोपऱ्यातले आकडे अर्धेच दिसत होते. हा टीव्हीचा जुना स्वभाव. चित्र थोडं फुगवून कडा पडद्याबाहेर ढकलायच्या. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' अशा नावाचा पर्याय असतो, तो लावला की कडा परत येतात. तिथेच 'गेम मोड' असतो, तोही लावला. त्याने टीव्ही चित्राला रंगरंगोटी करण्यात वेळ घालवत नाही आणि हालचाल लवकर दिसते.

कडा आल्या, पण रस्ता धक्के खात चालला होता. लॅपटॉपने टीव्ही फोर-के आहे हे ओळखून फोर-के चित्र धाडायला सुरुवात केली होती. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. फुल एचडीच्या बरोबर चौपट. त्या बिचाऱ्या लॅपटॉपला ते झेपेना. शिवाय लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट १.४ आवृत्तीचा असेल तर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलू शकतं; ६० वेळा बदलायला २.० लागतं. आम्ही लॅपटॉपमध्ये रिझोल्यूशन १९२० बाय १०८० केलं आणि रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ. लगेच रस्ता गुळगुळीत. सायकलवरून, घाम डोळ्यांत जात असताना, फोर-के आणि फुल एचडीमधला फरक ओळखणारा माणूस मला अजून भेटायचाय.

रात्रीचे अकरा. चित्र झकास. ॲपने विचारलं, ट्रेनर कुठाय? आणि शोधत राहिलं.

रविवार: ट्रेनर कुणाच्या हातात

दाजींनी रात्रीत एक उद्योग करून ठेवला होता. लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीत जाऊन ट्रेनर तिथेच जोडून टाकला, हेडफोन जोडतात तसा. चांगल्या हेतूने. पण सेन्सरच्या बाबतीत ही जोडणी ॲपलाच करू द्यायची असते, आणि संगणकाने आधीच पकडलेलं यंत्र ॲपला कित्येकदा दिसत नाही. यादीतून ते काढून टाकलं. तरी दिसेना. ट्रेनरची वायर काढून पुन्हा लावली. तरी नाही.

"दाजी, फोन कुठाय तुमचा?"

"खिशात. का रे?"

फोनवर ट्रेनर बनवणाऱ्या कंपनीचं ॲप मागे उघडंच होतं. आदल्या दिवशी त्यातून ट्रेनरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत केलं होतं आणि मग ते बंद करायचं राहून गेलं होतं. ब्लूटूथवर बरेच ट्रेनर एका वेळी एकाशीच बोलतात. एकाने हात धरला की दुसऱ्याला ते दिसतसुद्धा नाहीत. नव्या यंत्रांपैकी काही एकाहून जास्त जोडण्या घेतात, पण त्यावर विसंबू नये. फोनचं ब्लूटूथ बंद केल्यावर दहा सेकंदांत लॅपटॉपवर ट्रेनरचं नाव उमटलं. तीन दिवस दाजी टीव्हीला दोष देत होते आणि ट्रेनर त्यांच्याच खिशात अडकलेला.

इथे मी एक कागद घेतला, जो पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. त्यावर चौकोन काढले: ट्रेनर, पट्टा, केडन्स, फोन, लॅपटॉप, टीव्ही. मग बाण. वॉट कुठून कुठे जातात, चढाचा हुकूम कोण देतो, चित्र कुठून कुठे. प्रत्येक सेन्सरमधून बाण एकच निघाला पाहिजे, आणि तो ॲप ज्या यंत्रावर चालतं तिथेच पोचला पाहिजे. टीव्हीकडे फक्त एक बाण येतो, केबलचा. कागद पाहून ताई म्हणाली, "म्हणजे टीव्हीचा यात काही संबंधच नाही." दीड दिवसांनी आलेलं हे पहिलं शहाणं वाक्य.

दाजी बसले. बारा मिनिटं मस्त गेली. मग पडद्यावरचा त्यांचा सायकलस्वार रस्त्यात उभा राहिला. दोन सेकंदांनी निघाला. पुन्हा थांबला. "नेट गेलं," दाजी. राउटर बंद-चालू करायला ते उठणार, तेवढ्यात मी थांबवलं. अशा वेळी आधी बघायचं की थांबलं कोण. आपले वॉट दिसताहेत, आपण चाललोय, पण आजूबाजूची माणसं अदृश्य झाली, तर गडबड इंटरनेटची. उलट बाकीचे सगळे पुढे निघून चाललेत आणि आपलेच वॉट शून्य झाले, तर गडबड सेन्सर आणि ॲपमधल्या चार-पाच हातांच्या अंतरात. आमच्याकडे घोळका दाजींना मागे टाकून खुशाल चालला होता.

लॅपटॉप कपाटात होता, राउटरच्या शेजारी, दार लावलेलं. आम्ही अँट प्लसचा छोटा यूएसबी रिसीव्हर वापरून पाहिला. अँट प्लसची गंमत म्हणजे ते आकाशवाणीसारखं आहे. सेन्सर आकडे हवेत सोडतो आणि ऐकणारे कितीही असू शकतात, त्यामुळे फोनची पळवापळवी तिथे चालत नाही. फक्त जड-हलकं करण्याचा हुकूम एकानेच द्यायचा. पण रिसीव्हर लावल्यावर प्रकार आणखी बिघडला.

याला दोन कारणं होती आणि दोन्ही मजेशीर. रिसीव्हर आम्ही निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये खुपसला होता, त्याच्या शेजारच्या पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क. यूएसबी ३.० ची वाहतूक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक टिपण काढलं होतं. ब्लूटूथ, अँट प्लस आणि वायफायचा जुना पट्टा, सगळे याच गल्लीत राहतात. दुसरं कारण राउटर. अँट प्लस २४५७ मेगाहर्ट्झवर बोलतं. आमचा राउटर ११ व्या चॅनेलवर होता, ज्याचा मध्य २४६२ वर येतो आणि पसारा दोन्ही बाजूंना दहा-दहा मेगाहर्ट्झचा. म्हणजे ट्रेनर कुजबुजतोय आणि राउटर त्याच्या कानाशी उभा राहून ओरडतोय.

हार्ड डिस्क काढली. रिसीव्हर दोन मीटरच्या यूएसबी एक्स्टेंशन केबलला लावून ट्रेनरपासून हातभर अंतरावर, चटईच्या कडेला ठेवला. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल ११ वरून १ केलं, त्याचा मध्य २४१२, म्हणजे ट्रेनरपासून दूर. लॅपटॉप स्वतः ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर नेला. यातल्या नेमक्या कुठल्या गोष्टीने काम झालं ते सांगता येणार नाही, कारण सगळं एकदम केलं. शास्त्रीय पद्धत नव्हे, पण दाजी सायकलवर बसून घड्याळ बघत होते. चाळीस मिनिटं वॉट एकदाही तुटले नाहीत.

दुसरा आठवडा: लॅपटॉप गेला

भाचीला संध्याकाळी अभ्यासाला लॅपटॉप लागतो, हे या सगळ्या आखणीत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बुधवारी ती केबल उपटून लॅपटॉप घेऊन गेली. मग टीव्हीला जोडायचा स्ट्रीमिंगचा डबा आला, ज्यावर ॲप अधिकृतपणे चालतं. पुढच्या शनिवारी कागदावर लॅपटॉपचा चौकोन खोडून डब्याचा काढला. लगेच दिसलं की अँट प्लसचा बाण आता कुठेच जात नाही. डब्याला तो रिसीव्हर लावायची सोयच नव्हती. सगळं पुन्हा ब्लूटूथवर.

आणि ब्लूटूथची त्या डब्यावर मर्यादा होती: रिमोट सोडून ॲपला दोनच यंत्रं. आमच्याकडे तीन. पट्टा जोडला की केडन्स सुटायचा, केडन्स जोडला की पट्टा. दाजी हे बिघडलंय असं समजून बसले होते. कागदाकडे बघत मी विचारलं, केडन्स सेन्सर मुळात हवाच कशाला? ट्रेनर वॉटसोबत केडन्सही पाठवत होता. म्हणजे तो बाण दोनदा काढला होता. क्रँकवरून सेन्सर उतरवला, ड्रॉवरमध्ये गेला. दोन यंत्रं, दोन जागा. ज्यांना तिसरा सेन्सर सोडवत नाही त्यांनी आपल्या ॲपला फोनवरचं जोडीचं ॲप आहे का ते बघावं. झ्विफ्टचं 'कम्पॅनियन' फोनला पुलासारखं वापरून सेन्सरचे आकडे पुढे पोचवतं, फक्त फोन आणि डबा एकाच वायफायवर हवेत. तेच ॲप रिमोटचंही काम करतं, आणि घामट हातांनी तो बोटभर रिमोट हाताळून पाहिल्यावर याची किंमत कळते.

डबा कपाटातून काढून टीव्हीच्या पुढे उघड्यावर ठेवला. बंद कपाटात कुठलाही रेडिओ ठेवू नये, एवढं एव्हाना कळलं होतं.

राहिलेल्या गोष्टी भराभर. टीव्ही भिंतीवर उंच होता, सोफ्यावर रेलून बघायच्या बेताने. सायकलवर मान पुढे झुकलेली असते, त्यामुळे वर बघून वीस मिनिटांत मानेला रग लागते. टीव्ही उतरवून कपाटावर ठेवला, पडद्याचा मध्य हँडलच्या थोडा वर. पंख्याशिवाय बसू नका. शरीर खर्चलेल्या शक्तीपैकी साधारण २० ते २५ टक्केच पेडलवर उतरवतं. १८० वॉट काढणारा माणूस त्याच वेळी साडेपाचशे ते सातशे वॉटचा हीटर असतो, आणि खोलीत त्याला वारा लागत नाही. हँडलवर टॉवेल टाका, घामातलं मीठ हँडलच्या बोल्टना खातं.

आता वजन. पहिल्या चढावर दाजींनी धडाधड लोकांना मागे टाकलं, फार आनंद झाला. मला शंका आली. प्रोफाइलमध्ये आयतं आलेलं ७५ किलो तसंच होतं, दाजी ८८ चे. चढावर ॲप दर किलोमागे किती वॉट ते बघतं. १८० वॉट ७५ ने भागले तर २.४, ८८ ने भागले तर जेमतेम २.०५. आकडा दुरुस्त केल्यावर तोच चढ त्यांना जास्त वेळ खायला लागला. "आधीचं बरोबर होतं," असं त्यांचं मत आजही आहे. दुसऱ्या बाजूने ते म्हणत होते की आठ टक्क्यांचा चढ पायाला आठचा वाटत नाही. ते मात्र खरं होतं. अशा ॲपमध्ये चढ पायाला किती जाणवू द्यायचा याची वेगळी सेटिंग असते, झ्विफ्टमध्ये ती मुळात ५० टक्क्यांवर असते. आठचा चढ पायाला चारचा लागतो, पण वेगाचा हिशेब खऱ्या आठवरच होतो. म्हणजे फसवणूक नाही, फक्त गिअर बदलण्याची दगदग कमी. दाजींनी ती शंभरवर नेली, एकदा डोंगर चढले, आणि काही न बोलता परत पन्नासवर आणली.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. "ट्रेनर दिसत नाही. माझा फोन बंद आहे, आधीच बघितलं."

"डबा?"

"उघड्यावर आहे. कागद समोर घेऊन बसलोय."

मी थोडा वेळ विचार केला. "ताई सायकलवर बसते का हो?"

पलीकडे शांतता. मग लांबून ताईचा आवाज, की सकाळी सगळे झोपलेले असताना अर्धा तास बसते, आपल्या फोनवर ॲप घेतलंय, टीव्हीबिव्ही काही लागत नाही. तिचा फोन त्या क्षणी शेजारच्या खोलीत चार्जिंगला होता, ॲप उघडं, ट्रेनरचा हात धरून.

आता कागदावर ताईच्या फोनचाही चौकोन आहे, आणि बूट घालायच्या आधी दाजी घरभर ओरडून विचारतात, ब्लूटूथ कुणाकुणाचं चालू आहे.